मोपाचा विमानतळ: फोंड्याच्या उंबऱ्यापासून विमानाच्या पायरीपर्यंत

गोव्यातल्या मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून गेल्या दोन वर्षांत मी सहा वेळा ये-जा केली आणि त्यांतल्या चार फेऱ्यांत माझी शहात्तर वर्षांची आई सोबत होती. आमचे घर फोंड्याला आणि धाकटी बहीण पुण्याला, कोथरुडात. त्यामुळे हा प्रवास आम्हाला हौसेखातर नव्हे, तर बाळंतपण, आजारपण, चतुर्थी, मुंज अशा कारणांनी करावा लागतो, आणि तिकीट काढताना दर पाहूनच काढावे लागते. विमानतळाविषयी लिहिणारे बहुतेक लोक आत शिरल्यानंतरच्या गोष्टी लिहितात: खुर्च्या कशा आहेत, चहा केवढ्याला मिळतो, स्वच्छतागृहे कशी आहेत. मोपाच्या बाबतीत एवढ्यावर थांबले तर निम्मी हकीकत बाहेरच राहते, कारण तेथील इमारतीत पाऊल टाकण्यापूर्वीच आमचा बराचसा वेळ आणि पैसा खर्च झालेला असतो. म्हणून हे परीक्षण मी घराच्या उंबऱ्यापासून लिहिते आहे.

सर्वांत आधी तिकिटावरील एका अक्षराकडे लक्ष द्यावे. गोव्यात आज दोन विमानतळ चालू आहेत. दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपाचा जीओएक्स असा आहे. दोन्हींच्या पुढे तिकिटावर ‘गोवा’ असेच ठळक छापलेले असते आणि फरक तेवढ्या शेवटच्या अक्षरात असतो. २०२३ च्या चतुर्थीला माझा मामेभाऊ पुण्याहून यायचा होता. “सकाळी गोव्याला उतरतो,” एवढेच त्याने फोनवर सांगितले आणि मामा आपल्या जुन्या सवयीने गाडी घेऊन दाबोळीला जाऊन उभे राहिले. भाऊ मात्र मोपाला उतरला होता. दोन विमानतळांमधले अंतर रस्त्याने ६० किलोमीटरांहून अधिक आहे आणि वाटेत जुवारी व मांडवी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. गणपतीची मूर्ती आणायला जायच्या वेळी मामा पर्वरीच्या रहदारीत अडकले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘गोव्याला उतरतो’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही. ‘मोपाला’ किंवा ‘दाबोळीला’ असेच सांगितले जाते. बाहेरगावच्या पाहुण्यांकडून तिकिटाचे छायाचित्र मागवून घेणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

विमानतळ इतका दूर का, हा प्रश्न दक्षिण गोव्यातील माणूस आजही विचारतो, आणि त्याचे उत्तर ठाऊक असल्याने अंतर काही कमी होत नसले तरी राग थोडा निवळतो. दाबोळीचा तळ १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीने बांधला आणि मुक्तीनंतर तो भारतीय नौदलाकडे आला. आजही तेथील धावपट्टी नौदलाची आहे आणि नौदलाच्या सरावासाठी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास ती नागरी विमानांना मिळत नाही, त्यामुळे दिवसातला ऐन सोयीचा वेळच कापला जातो. दुसऱ्या विमानतळाचा विचार यातूनच निघाला. केंद्र सरकारने २००० साली त्याला तत्त्वतः मान्यता दिली, नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली, मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे नाव त्याला दिलेले आहे.

जागा म्हणून निवडला तो पेडणे तालुक्यातला मोपाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार. मोपा, वारखंड, नागझर, चांदेल, कासारवर्णे आणि उगवे या गावांची जमीन त्यासाठी गेली, सड्यावरची हजारो झाडे तोडली गेली आणि तेथे राहणाऱ्या धनगर कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. विमानाची वाट पाहताना काचेतून बाहेर बघितले की धावपट्टीच्या कडेला चिऱ्याची तांबडी माती अजून उघडी दिसते. त्या सड्यावर कोणाची तरी काजूची झाडे होती आणि गुरे चरत होती, हे आई प्रत्येक वेळी आठवणीने बोलून दाखवते. हे परीक्षणात लिहिण्याचे कारण इतकेच की, ज्या जागेसाठी एवढे दिले गेले ती जागा तिथल्या माणसांच्या उपयोगी पडावी, ही अपेक्षा रास्त आहे आणि माझे पुढचे सगळे म्हणणे त्याच अपेक्षेतून आले आहे.

आता रस्ता. पणजीहून मोपा सुमारे ३५ किलोमीटर, मडगावहून त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि काणकोणहून निघणाऱ्याला शंभराच्या आसपास किलोमीटर तोडावे लागतात, म्हणजे गोव्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. फोंड्याहून दोन वाटा आहेत. पहिली पणजीवरून: मांडवीवरचा अटल सेतू, पर्वरी, म्हापसा, कोलवाळचा पूल आणि धारगळ. दुसरी डिचोलीवरून, अस्नोडा आणि थिवी मार्गे कोलवाळला निघणारी. अंतरात मोठा फरक नाही, परंतु पर्वरीत उड्डाणपुलाचे काम निघाल्यापासून मी दुसरीच वाट धरते, कारण पर्वरीत किती वेळ जाईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही आणि विमान गाठायचे असताना लांब पण खात्रीची वाट बरी वाटते. धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ सोडून विमानतळाच्या जोडरस्त्याला लागले की मात्र सगळे बदलते. हा रुंद रस्ता थेट सड्यावर चढतो. सुरुवातीच्या काळात गावांतल्या अरुंद रस्त्यांवरून जावे लागत असे, तेव्हा समोरून मालवाहू गाडी आली की शेताच्या बांधाला टेकून उभे राहावे लागे; आता तो त्रास उरलेला नाही. फोंड्याहून स्वतःच्या गाडीने मला पावणेदोन तास लागतात, आणि पावसाळ्यात मी सव्वादोन धरते.

यातला खर्चाचा हिशेब मी मुद्दाम एका वहीत लिहून ठेवला आहे, कारण ‘विमान स्वस्त झाले’ हे वाक्य आमच्या घरी वारंवार ऐकू येत होते आणि त्यात कितपत तथ्य आहे ते मला पाहायचे होते. गेल्या फेब्रुवारीतल्या फेरीत आम्हा दोघींची पुण्याची तिकिटे प्रत्येकी ३,१०० रुपयांना मिळाली, म्हणजे ६,२०० रुपये. फोंड्याहून मोपापर्यंत टॅक्सीला २,६०० रुपये पडले. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून कोथरुडला जायला आणखी ४५०. एकूण ९,२५० रुपये झाले आणि त्यात टॅक्सीचा वाटा जवळजवळ एका माणसाच्या विमान तिकिटाएवढा होता. याच प्रवासाला रात्रीच्या झोपायच्या बसने दोघींचे मिळून २,२०० रुपये झाले असते. वेळेचे म्हणाल तर विमान अकरा वाजून दहा मिनिटांचे होते. आम्ही सव्वासातला घर सोडले आणि पावणेदोनला बहिणीच्या दारात पोहोचलो. आकाशात आम्ही तासाभराहून थोड्या अधिक वेळच होतो, पण दारापासून दारापर्यंत साडेसहा तास लागले. बसला अकरा तास लागतात. म्हणजे विमानाने साडेचार तास वाचले आणि त्यासाठी सात हजार रुपये अधिक मोजले. आईच्या गुडघ्यांसाठी ते योग्यच आहेत आणि मी ते पुन्हा आनंदाने देईन. एकटीने जायचे असेल तेव्हा मात्र दोनदा विचार करते.

हा हिशेब बदलू शकणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे बस. मोपाहून म्हापसा, पणजी आणि मडगावकडे गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत. मी त्यांतून तीनदा प्रवास केला आणि तिन्ही वेळा तो अतिशय चांगला झाला. गाडी वातानुकूलित आणि स्वच्छ होती, सामान ठेवायला जागा होती, वाहक अदबीने बोलत होता आणि भाडे टॅक्सीच्या मानाने इतके कमी होते की तुलनाच करू नये. इंजिनाचा घरघराट नसल्यामुळे आईला चक्क झोप लागली. पणजीला कदंब स्थानकावर उतरले की फोंड्याची गाडी लागलेलीच असते, त्यामुळे एकदा गाडी बदलण्यापलीकडे काही त्रास होत नाही. बसने गेल्यास फोंड्याहून पावणेदोन तासांचे तीन तास होतात, पण दोघींचा मिळून खर्च टॅक्सीच्या भाड्याच्या एका लहानशा हिश्श्यात आटोपतो. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि सामान बेताचे आहे, त्यांनी दुसरा विचारच करू नये.

एक मात्र सांगायला हवे की, बसचा आधार दिवसाउजेडी उतरणाऱ्यालाच धरता येतो. स्वस्त तिकिटे बहुधा भल्या पहाटेच्या किंवा उशिरा रात्रीच्या विमानांची असतात, आणि त्याच वेळी फोंडा, सत्तरी, सांगे, केपे अशा आतल्या तालुक्यांतल्या माणसाला घरी नेणारे सार्वजनिक वाहन रस्त्यावर नसते. पणजीपर्यंत पोहोचलात तरी तेथून पुढे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून माझी पद्धत अशी आहे की, जाताना टॅक्सी किंवा स्वतःची गाडी, कारण चुकले तर विमानच सुटते. आणि येताना दुपारी उतरणारे विमान निवडून बस, कारण उशीर झाला तरी बिघडत काही नाही. येताना दोन-अडीचशे रुपये जास्त देऊन सोयीच्या वेळेचे तिकीट घेणे हे शेवटी स्वस्तच पडते. तिकिटाच्या संकेतस्थळावर हा फरक दिसत नाही, तो आपला आपणच मांडावा लागतो.

टॅक्सीविषयी लिहिताना मला थोडे सावधपणे लिहायचे आहे, कारण गोव्यात हा विषय अनेक घरांच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे आणि पेडण्यातील ज्या गावांची जमीन गेली तेथील तरुणांनी या धंद्यात हक्काने यावे, असेच मला वाटते. देशातल्या इतर शहरांत चालणाऱ्या मोठ्या ॲपच्या गाड्या गोव्यात चालत नाहीत. येथे गोवा माइल्स हे ॲप आहे आणि विमानतळावर टॅक्सीचे काउंटर आहेत. काउंटरवर भाडे आधीच ठरते आणि पावती मिळते, म्हणून अनोळखी माणसाने तेथूनच गाडी घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. माझा वाईट अनुभव काउंटरबाहेरचा आहे. एका ओळखीतून मिळालेल्या क्रमांकावर मी आदल्या दिवशी फोन करून परतीसाठी २,२०० रुपयांत गाडी ठरवली होती. रात्री साडेदहाला पाऊस कोसळत असताना उतरलो, तेव्हा चालकाने तीन हजार सांगितले आणि नाही तर दुसरी गाडी बघा, म्हणाला. आई दिवसभराच्या प्रवासाने थकलेली होती, मी वाद न घालता पैसे दिले. आठशे रुपयांपेक्षा मला लागले ते त्याचे ‘बघा’ म्हणणे, कारण बघायला आमच्यापाशी काही नव्हते हे त्यालाही कळत होते. शहरातल्या विमानतळावर माणूस दहा पावले चालून रिक्षा धरू शकतो. सड्यावर ती दहा पावले टाकायला जागाच नाही. अंतराचा खरा अर्थ मला त्या रात्री कळला. तेव्हापासून ठरलेले भाडे मी संदेशात लिहून घेते आणि चालकाचे ‘हो’ आल्याशिवाय विमानात बसत नाही.

आता इमारतीकडे वळते, आणि येथे मला मनापासून कौतुक करायचे आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांसाठी ती बांधलेली आहे, आणि तिच्यात शिरताक्षणी जाणवतो तो उजेड. छत उंच आहे, काचा मोठ्या आहेत, आणि भिंतींवर जागोजागी निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशांची सजावट आहे. पणजीच्या जुन्या फोंताइन्यास वस्तीतल्या घरांवर अशा फरशा आपण पाहिलेल्या असतात, त्यामुळे परतताना त्या दिसल्या की घरी आल्यासारखे वाटते. खानपानाची जागासुद्धा जुन्या गोमंतकीय कॅफेच्या धर्तीवर केलेली आहे. सुरक्षा तपासणीच्या रांगा मी कधी वीस मिनिटांहून अधिक पाहिलेल्या नाहीत, सामान स्वतः सोपवण्याची यंत्रे आहेत, आणि एकूण हिंडायला फारसे अंतर नाही. दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर दारापर्यंत चालतानाच आईचा जीव मेटाकुटीला येतो. मोपाला ती आधाराने का होईना, स्वतःच्या पायांनी गेली आहे.

चाकाच्या खुर्चीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या वयाच्या पुष्कळ वाचकांना त्याची गरज असेल. ही सोय वयस्कर आणि चालता न येणाऱ्या प्रवाशांना विमान कंपनीकडून विनामूल्य मिळते, पण ती तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कळवावी. ऐन वेळी मागितल्यासही मिळू शकते, परंतु मग वाट पाहावी लागते. मोपाला आईसाठी आलेल्या दोन्ही मदतनीस मुली पेडण्याच्या होत्या, आणि त्यांच्यातली एक तिच्याशी घरातल्यासारखी मालवणी वळणाची बोली बोलू लागली. तिने आईला स्वच्छतागृहाशी नेले, बाहेर थांबली, मग औषधाची वेळ झाली आहे का हे विचारून पाण्याची बाटली भरून आणली. या मुलीचे काम त्या सगळ्या काचा आणि फरशांहून मोलाचे आहे, असे मला वाटते. जमीन दिलेल्या भागातील माणसांना या ठिकाणी काम मिळाल्याचा याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

खाण्यापिण्याचे दर विमानतळावर असतात तसेच चढे आहेत. एका दुकानात आम्ही दोन चहा आणि दोन सामोसे घेतले, सामोसे थंड होते आणि गरम करून द्यायला नकार मिळाला. तेव्हापासून आम्ही डबा नेतो. पोळीभाजी, लाडू, उकडलेली अंडी नेण्यास काही आडकाठी नाही. गोव्यातल्या बायकांनी एक मात्र ध्यानात ठेवावे: हातातल्या सामानात नारळ चालत नाही. लेकीसाठी बागेतले चार नारळ न्यावेत असे कोणत्या आईला वाटत नाही? पण ते तपासणीपाशी काढून ठेवावे लागतात आणि तो क्षण फार वाईट असतो. सोलां (आमसुले), साठं (आंब्या-फणसाची पोळी), हळदीची पाने यांना कोणी हरकत घेतलेली नाही.

स्वस्त विमान कंपन्यांचे नियम सगळीकडे सारखेच आहेत, पण विमानतळ दूर असला की त्यांचा जाच अधिक जाणवतो. देशांतर्गत प्रवासात सहसा हातात सात किलो आणि खाली, विमानाच्या पोटात, पंधरा किलो सामान नेता येते. जास्तीच्या प्रत्येक किलोला विमानतळावर भरावी लागणारी रक्कम आधी ऑनलाइन भरलेल्या रकमेपेक्षा बरीच अधिक असते. काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी आणि विमानाचे दार २५ मिनिटे आधी बंद होते. शहराजवळच्या विमानतळावर घरी विसरलेली वस्तू कोणाकडून तरी मागवता येते, सामान जास्त झाले तर सोडायला आलेल्याबरोबर परत पाठवता येते. फोंड्याहून साठ किलोमीटर आल्यावर यांतले काहीच शक्य नसते. म्हणून वजनाचा काटा घरी असणे ही मला आता चैन वाटत नाही, आणि ओळखपत्र, औषधे, चष्मा हे तिन्ही मी उंबऱ्यावर उभी राहून मोठ्याने वाचून तपासते.

वेळ बदलण्याचा फटका मला एकदा जोरात बसला. एका कंपनीचे अकरा-दहाचे विमान मी निवडले होते. प्रवासाच्या आठ दिवस आधी संदेश आला की ते आता पहाटे पाच-पन्नासला सुटेल. म्हणजे फोंड्याहून रात्री अडीचला निघायचे. आईला ते झेपणारे नव्हते आणि पैसे परत घेऊन नवे तिकीट काढावे तर दर दुप्पट झाले होते. तेव्हा आम्हाला वाचवले ते सावंतवाडीच्या मावशीने. आदल्या संध्याकाळी आम्ही बांद्यामार्गे तिच्याकडे मुक्कामाला गेलो आणि पहाटे तिच्या मुलाने अर्ध्या तासात मोपाला आणून सोडले. त्या पहाटे धुक्यातून जाताना एक गोष्ट मनात ठसली. गोव्याचा हा विमानतळ महाराष्ट्रातल्या सावंतवाडीला जितका जवळ आहे तितका तो गोव्याच्या निम्म्या तालुक्यांनाही नाही. सिंधुदुर्गात चिपीला २०२१ पासून स्वतःचा विमानतळ आहे, तरी मावशीकडची मंडळी मोपालाच येतात, कारण येथे विमाने अधिक आणि वेळा अनेक. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या माणसाला मोपा म्हणजे अंगणात आलेली गंगा आहे, आणि याचा मला आनंदच होतो. सीमा कागदावर असली तरी नातीगोती तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत.

मराठी वाचकांच्या दृष्टीने मोपाचे आणखी एक महत्त्व आहे. गोव्यातच मुख्यालय असलेल्या फ्लाय ९१ या कंपनीने मार्च २०२४ पासून येथून एटीआर ही पंख्यांची लहान विमाने सुरू केली आणि जळगाव, सोलापूर यांसारखी शहरे गोव्याशी थेट जोडली. जळगावहून गोव्याला यायचे म्हणजे पूर्वी किती गाड्या बदलाव्या लागत, हे खानदेशातून आमच्या मंगेशीला आणि शांतादुर्गेला कुळाचार करायला येणाऱ्या कुटुंबांना विचारावे. या विमानात सत्तरच्या आसपास माणसे बसतात, सामान लवकर हाती येते आणि पंख्यांचा आवाज थोडा अधिक असतो. त्याची आधी कल्पना दिली तर म्हातारी माणसे घाबरत नाहीत. अशी विमाने दिवसभरात हव्या त्या वेळी चालवायला सबंध दिवस मोकळी असलेली धावपट्टी सोयीची पडते. मोपाची धावपट्टी साडेतीन किलोमीटरांची आहे आणि तिच्यावर नौदलाच्या वेळापत्रकाचे बंधन नाही.

पावसाळ्याबाबत मात्र मन तयार ठेवून जावे. सडा उंचावर आणि उघडा आहे, ढग खाली उतरतात, दिसेनासे होते आणि मग विमान दुसरीकडे वळवले जाते. जूनमधल्या एका फेरीत आमचे विमान घिरट्या घालून बेळगावला उतरले आणि दोन तासांनी परत आले. जीव सांभाळण्यासाठी घेतलेल्या निर्णयाची तक्रार करायची नसते, पण घ्यायला आलेला माणूस साठ किलोमीटरांवरून आलेला असतो आणि सड्यावर त्याला बसायला दुसरे ठिकाण नसते, एवढे लक्षात घेऊन घरून निघण्यापूर्वी विमान सुटल्याची खात्री करावी. पावसाळ्यात परतीच्या दिवशी दुसरे काही महत्त्वाचे काम ठेवू नये.

दाबोळी की मोपा, असे मला पुष्कळजण विचारतात. पेडणे, बारदेश, डिचोली, सत्तरीचा उत्तर भाग येथल्या माणसाने डोळे मिटून मोपा धरावा. मुरगाव, सासष्टी, केपे, काणकोण येथल्यांनी तिकीट हजार-बाराशे रुपयांनी महाग असले तरी दाबोळीच पाहावी, कारण तेवढे पैसे रस्त्यावरच वाचतात. तिसवाडी आणि फोंडा मध्ये सापडले आहेत. आम्हाला प्रत्येक वेळी दोन्हीकडचे दर, वेळ आणि गाडीचे भाडे मांडून ठरवावे लागते, आणि माझ्या वहीत बहुतेक वेळा मोपाचे पारडे जड झाले आहे, तेही दिवसाच्या सोयीच्या वेळांमुळे आणि चाकाच्या खुर्चीच्या त्या चांगल्या अनुभवामुळे. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर इमारतीला आणि तेथील माणसांना मी साडेचार देते, तेथे पोहोचण्याच्या सोयीला अडीच. फोंडा, मडगाव आणि वाळपई येथून पहाटेच्या आणि रात्रीच्या विमानांना जोडून एकेक बस सुटू लागली, तर दुसऱ्या आकड्याचे चार करायला मी एका पायावर तयार आहे.

मे महिन्यात आईला घेऊन पुन्हा पुण्याला जायचे आहे. तिकीट मोपाचेच काढले आहे, सकाळी अकरानंतरचे. संकेताचे शेवटचे अक्षर दोनदा वाचून घेतले आहे, खुर्ची कळवली आहे, आणि येतानाचे विमान दुपारी दोनला उतरते, म्हणजे पणजीची बस मिळेल. नारळ या वेळी खालच्या सामानात, टॉवेलात गुंडाळून, आणि दोनच.